काळी ज्वारी, लाल ज्वारी, पांढरी ज्वारी



खरिपाची ज्वारी काळी का पडते, हा प्रश्न आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारावा. तो म्हणेल, “पावसात सापडली.” उत्तर बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. पाऊस पूर्वीही पडत असे आणि खरिपाची ज्वारीही पूर्वीपासून होत आली आहे. मग १९६४ नंतरच ही ज्वारी एवढी पावसात का सापडू लागली? ह्या एका ‘का’चा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे. तो पिकाच्या रोगाचा इतिहास आहेच. शिवाय रोगाला दाद न देणारे वाण तयार करताना कोणता गुण ठेवावा, कोणता सोडावा आणि हे ठरवावे कोणी, ह्या वादाचाही तो इतिहास आहे.

आम्ही शेतकीचे पदवीधर नव्हे. शाळा लहानपणीच सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि बाजार समितीच्या आवारात झाले. हमाल, मापाडी आणि शेतमजूर ह्यांच्या संघटनेचे काम करताना धान्याशी आमची गाठ पडली ती पोत्याच्या रूपाने. हमालाच्या पाठीला ज्वारीची जात कळते. बुरशीने खाल्लेल्या ज्वारीचे पोते भरून दिसते, पण उचलले की हलके लागते. दाणा आतून पोकळ झालेला असतो. हमालीचे दर पोत्यावर असल्यामुळे एखाद्याला वाटेल की हमालाचे बरे झाले. पण तोच हमाल संध्याकाळी जी पायली-दोन पायल्या ज्वारी घरी नेतो, ती बहुधा त्याच हलक्या पोत्यातली असते. कारण परवडते तेवढीच. म्हणून हा विषय आमच्या संघटनेचाही आहे, अशी आमची भूमिका आहे.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचा सोलापूर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस माती एक, पीक एक आणि पिकाचे रोगही एकच. त्यांतला सर्वांत ओळखीचा रोग म्हणजे काणी. कणसात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीच्या पुड्या तयार होतात, आणि मळणीच्या वेळी त्या फुटून सगळे खळे काळवंडते. पुष्कळ दिवस लोकांनी ह्याला दैवाचा कोप मानले. वस्तुतः दाणे काणीची बीजे बियाण्याला बाहेरून चिकटलेली असतात. बियाणे धुऊन अथवा औषध लावून पेरले की रोग आटोक्यात येतो. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने ह्यासाठी आरंभी मोरचुदाच्या पुड्या खेड्यापाड्यांत विकल्या, पुढे गंधकाच्या भुकटीचा प्रसार केला. किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधक चोळावे, एवढाच तो उपाय. खर्च नगण्य, विद्याही नगण्य. आमच्या मते दख्खनच्या शेतीत शास्त्राने मिळवलेला हा सर्वांत स्वस्त विजय होय.

तथापि प्रत्येक बुरशी बियाण्याच्या सालीवर बसून येत नाही. काही वाऱ्यावर येतात, काही जमिनीतून येतात. तेथे औषधाची पुडी चालत नाही. पिकाच्या अंगातच प्रतिकार असावा लागतो. हा प्रतिकार आईबापांकडून संततीत उतरतो आणि तो ठराविक नियमाने उतरतो, हे इंग्लंडात केंब्रिज येथे बिफेन ह्या शास्त्रज्ञाने १९०५ साली गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर प्रयोग करून दाखविले. आपल्याकडे आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता ह्यांनी आयुष्य घालून सिद्ध केले की, मैदानातल्या उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा जगत नाही. तो डोंगरातल्या थंड हवेत तग धरतो आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली उतरतो. ह्याच अभ्यासासाठी महाबळेश्वरास गहू तांबेरा संशोधन केंद्र उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या गव्हाशी केनिया देशातील तांबेरा-प्रतिकारक गव्हाचा संकर करून जे वाण काढले, त्यांस दोन्ही नावे जोडून ‘केनफाड’ म्हणू लागले. केनियाचा प्रतिकार आणि निफाडचा दाणा एका रोपात आणावयाचा, हा त्यामागचा विचार. रोगप्रतिकारक वाणांच्या साऱ्या इतिहासात हीच धडपड आहे. एकीकडे अंगात प्रतिकार असलेले, पण खाण्यास अथवा पिकण्यास गैरसोयीचे झाड असते. दुसरीकडे गुणी, पण रोगाला बळी पडणारे झाड असते. दोघांचे लग्न लावावे, आणि संततीत बापाचे बळ व आईचे गुण उतरतात काय, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत बसावे.

आता ज्वारीकडे येऊ. १९३० नंतरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे रब्बी ज्वारीवर जे काम झाले, त्याची फळे आपण आजही खात आहोत. तेथे परदेशी रक्त आणले नाही की संकर केला नाही. शेतकऱ्यांच्या शेतात पिढीजात चालत आलेल्या मालदांडी ज्वारीतून उत्तम कणसे निवडली, त्यांच्या ओळी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्या निवडीतून जो वाण स्थिर झाला तो मालदांडी ३५-१. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा; भाकरी मऊ व गोडसर; कडबा उंच आणि जनावरांस आवडता; आणि दिवाळीनंतर आभाळातून थेंब न पडता केवळ जमिनीतल्या ओलीवर पिकण्याची ताकद. आमच्याकडे ह्या ज्वारीस शाळू म्हणतात. मोहोळच्या शास्त्रज्ञांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. निवड करावयास त्यांच्यापुढे जे होते, ते ह्या भागातील कुणब्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी शेकडो वर्षे बियाण्यासाठी कणसे बाजूला काढून ठेवली म्हणूनच होते. पुढल्या पेरणीचे कणीस निवडताना त्या बाईच्या मनात दाणा, भाकरी आणि कडबा असे तिन्ही हिशेब एकाच वेळी चालत असत.

खरिपाच्या जुन्या ज्वारीचेही असेच शहाणपण होते, ते मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले. ती उंच वाढे आणि तिला पिकण्यास दिवसही पुष्कळ लागत. जून महिन्यात पेरा की जुलैत, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती निसवतच नसे. त्यामुळे परतीचा पाऊस सरता सरता कणीस बाहेर येई आणि दाणा भरे तो कोरड्या हवेत. तिच्या अंगात बुरशीशी झुंजण्याचे बळ होते असे नव्हे. ती बुरशीची वेळ चुकवीत असे. हिशेबाच्या वहीत ही सवय कोठे नोंदली जाण्याजोगी नव्हती. नोंदले जाई ते एवढेच की ही ज्वारी उशिरा येते आणि कमी पिकते.

मग काळ बदलला. १९६० नंतरची पहिली पाच-सहा वर्षे अन्नटंचाईची होती. परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसावे लागत होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांनी १९६५ साली पुण्यात, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, अशा आशयाची प्रतिज्ञा केली. तिच्यामागे मोठा आधार होता तो संकरित ज्वारीचा. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. म्हणून मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणे काढणे पूर्वी अशक्यच होते. १९५४ साली अमेरिकेतील टेक्सास येथे स्टीफन्स आणि हॉलंड ह्यांनी ज्वारीत नरवंध्य झाडे मिळवण्याची युक्ती शोधली आणि ही अडचण दूर झाली. तिच्याच बळावर १९६४ साली भारतात पहिली संकरित ज्वारी आली. तिचे नाव सीएसएच-१. तिची माता अमेरिकेतून आलेली होती. झाड ठेंगणे, कणीस घट्ट दाण्यांनी गच्च भरलेले आणि पीक शंभर-एक दिवसांत तयार. तिच्यामागे नीलमराजू गंगाप्रसाद राव आदी शास्त्रज्ञांनी एकाहून एक सरस वाण काढले. सीएसएच-५, सीएसएच-९ ही नावे आमच्याकडच्या गड्यांच्याही तोंडी बसली. शेतात जिला ‘हायब्रीड’ म्हणतात ती हीच.

हायब्रीडने पोट भरले, हे प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तिची थट्टा करणे आज सोपे आहे. ज्यांनी उपास काढले त्यांनी ती केली नाही. परंतु तिच्याबरोबर एक जुना बंदोबस्त मोडला. दिवस लहान होण्याची वाट ती पाहत नाही. जूनमध्ये पेरली की सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरच्या आरंभी दाण्यावर येते. नेमका तोच आमच्याकडे परतीच्या पावसाचा काळ. झाड बुटके, कणीस गच्च. आत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. अशा वेळी फ्युजॅरियम, कर्व्ह्युलारिया आदी बुरश्या फुलोऱ्यातच शिरतात आणि दाण्याबरोबर आत वाढतात. दाणा गुलाबी, करडा, शेवटी काळा पडतो. त्याचे वजन घटते, पीठ कडवट होते, कित्येकदा कणसातच मोड येतात. म्हणजे झाडाची उंची बदलली, पिकण्याचे दिवस बदलले, कणसाची ठेवण बदलली. हे तिन्ही बदल उत्पन्नासाठी केले आणि तिन्ही बुरशीच्या पथ्यावर पडले. आरंभी विचारलेल्या ‘का’चे उत्तर हे आहे. पाऊस जुन्याच वेळी येत होता. पीक त्याच्या वाटेत आणून उभे केले गेले.

ह्या काळ्या ज्वारीचे पुढे काय होई, हे आम्ही आवारात पाहिले आहे. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेई, फुंकर मारी आणि भाव निम्म्यावर आणी. काही वर्षी ओरड फार झाली तेव्हा शासनालाच काळी ज्वारी खरेदी करावी लागली. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण राज्याने घेतले, तेव्हा काळ्या ज्वारीस गिऱ्हाईक मिळेल, हेही एक समर्थन मांडले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. पण शासन आणि भट्टी ह्यांच्याकडे जाण्यापूर्वी तिचा एक वाटा ठरलेला असे. सालगड्याच्या करारात रोख रकमेबरोबर ज्वारीची पोती असत. करारात लिहिलेले असे, ज्वारी इतकी पोती. कोणती ज्वारी, हे लिहिलेले नसे. कणगीत शाळू आणि गड्याच्या पदरात काळी हायब्रीड, असे आम्ही एकाहून अधिक वाड्यांत पाहिले आहे. पुढे संघटनेने मजुरीच्या बोलण्यात ‘खाण्याजोगी, स्वच्छ ज्वारी’ हे शब्द घालावयास लावले. एवढ्या तीन शब्दांसाठी रात्री-रात्री बैठका कराव्या लागल्या.

ही केवळ चवीची तक्रार आहे, असे कोणी समजू नये. १९९५ साली दख्खनच्या पठारावर कर्नाटक आणि आंध्रच्या काही खेड्यांत पावसात भिजलेली, बुरसटलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांस पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा त्या धान्यात फ्युजॅरियम बुरशीपासून होणारे फ्युमोनिसिन हे विष आढळले. ज्याच्या घरी दुसरे धान्य आहे तो काळा दाणा जनावरापुढे टाकतो. ज्याच्या घरी नाही त्याला तोच खावा लागतो. पिकाचा रोग हा अशा रीतीने माणसाचा रोग होतो, आणि तोही माणूस पाहून होतो.

आता विचाराल की, शास्त्रज्ञ स्वस्थ बसले होते काय? नाही. १९७२ साली हैदराबादजवळ पटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणीची प्रायोगिक शेती तर निजामाच्या अमदानीत १९१८ पासूनची. जगभरातून जमवलेल्या ज्वारीच्या हजारो वाणांची परीक्षा सुरू झाली. पाऊस हवा तेव्हा येईलच असे नाही, म्हणून उघडीप असेल त्या दिवशी शेतावर तुषारांनी पाणी उडवून कणसे ओली ठेवीत आणि कोण टिकतो ते पाहत. टिकणारे वाण सापडलेही. पण त्यांपैकी बहुतेक लाल अथवा तपकिरी दाण्याचे निघाले!

कारण असे. ज्वारीच्या काही जातींत सालीखाली एक रंगीत पापुद्रा असतो. त्यात टॅनिन हा तुरट पदार्थ असतो. तो बुरशीला आवडत नाही, पाखरांना आवडत नाही, आणि माणसालाही आवडत नाही. दुसऱ्या काही लाल जातींत टॅनिन नसते, तरी सालीतील इतर द्रव्यांमुळे बुरशी दूर राहते. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने लाल ज्वारी सगळीच तुरट नव्हे. परंतु भाकरी खाणारा माणूस शास्त्राचा ग्रंथ उघडून जेवावयास बसत नाही. त्याच्या मनात लाल ज्वारीची एक आठवण पक्की बसलेली होती, ती १९७२ च्या दुष्काळाची.

त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आमच्या जिल्ह्यातली माणसे पाझर तलावांवर आणि खडी फोडण्याच्या कामावर गेली. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. कामावर सुकडी मिळे. मिलो तिकडे जनावरांना घालतात, ही बातमी खडीच्या ढिगापर्यंत पोहोचल्यावाचून राहिली नाही. आमच्या वडील पिढीने ती खाल्ली आणि जगली. पण लाल भाकरी म्हणजे लाचारीची भाकरी, हा अर्थ तिला कायमचा चिकटला. ह्यानंतर कोणी मोठ्या हुशारीने बुरशीला न जुमानणारी लाल ज्वारी काढून आमच्यापुढे ठेवली असती, तरी बाजाराने आणि चुलीने ती नाकारली असती. शिकलेली मंडळी ह्याला अडाणी हट्ट म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. भाकरीचा रंग हा गरिबाच्या अब्रूचा भाग आहे, आणि अब्रू हाही पिकाचा एक गुणच समजून चालले पाहिजे.

येथे परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल. युरोपात जवाचे मोठे पीक होते. आपल्याकडे जव पूजेत आणि श्राद्धात उरला आहे, तिकडे तो मुख्यतः बीअरसाठी आणि जनावरांसाठी पिकवतात. त्यावर भुरी ही बुरशी पडते. १९४२ साली जर्मनीत फ्राइसलेबेन आणि लाइन ह्यांनी क्ष-किरणांनी पालटलेल्या जवात भुरीला संपूर्ण दाद न देणारे झाड मिळवले. तसाच गुण इथिओपियातून आणलेल्या शेतकऱ्यांच्या जवातही सापडला. सर्वांस हर्ष झाला. पण ह्या झाडांच्या पानांवर आपोआप तपकिरी डाग पडत आणि दाणाही कमी भरे. रोगाशी लढण्याची तयारी जणू झाडाला अष्टौप्रहर ठेवावी लागे, आणि तिचा खर्च दाण्यातून निघे. हा दोष संकरांनी घालवून तो गुण बाजारातल्या वाणात येण्यास १९७९ साल उजाडले. जवळजवळ चार दशके हे काम चालू राहिले, ह्याचे कारण उघड आहे. जवामागे धनाढ्य गिऱ्हाईक होते. बीअरच्या कारखान्यास कसा दाणा हवा हे तो कारखाना स्पष्ट सांगू शकत होता, आणि सांगितलेले ऐकले जात होते. काळी ज्वारी खाणाऱ्या सालगड्याचे म्हणणे कोणाच्या टेबलावर जाणार?

तरीसुद्धा आपल्याकडील शास्त्रज्ञांनी पांढऱ्या दाण्यात प्रतिकार आणण्याचा नाद सोडला नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. काम किचकट होते. लाल रंगाचा प्रतिकार एक-दोन गुणघटकांवर उभा असतो. पांढऱ्या दाण्याचा प्रतिकार अनेक लहान गुणांच्या बेरजेवर असतो. दाणा थोडा कठीण असावा, कणीस थोडे मोकळे असावे, तुसांनी दाणा झाकलेला असावा, झाड थोडे उंच असावे. आणि कठीणपणालाही मर्यादा आहे. कारण भाकरीला मध्यम कठीण दाणा लागतो, दगड चालत नाही. १९९७ साली सीएसएच-१६ हा संकरित वाण आला. २००० साली परभणीहून पीव्हीके-८०१, म्हणजे ‘परभणी श्वेता’, हा सुधारित वाण आला. त्याचा दाणा पांढरा, कडबा बरा आणि बुरशीला तो पुष्कळ प्रमाणात सहन करतो. शास्त्रज्ञ त्यास ‘सहनशील’ म्हणतात, ‘प्रतिकारक’ म्हणत नाहीत. हा त्यांचा प्रामाणिकपणा. झड चार दिवस लागली तर सहनशीलाचीही सहनशक्ती संपते. हे तर आम्ही चळवळीतली माणसे कोणाच्या सांगण्यावाचून जाणतो.

पण सीएसएच-१ ते परभणी श्वेता ह्यांत ३६ वर्षे गेली, आणि तेवढ्यात शेतकरी थांबला नाही. इक्रिसॅटने १९९२ साली अंदाज केला होता की, दाण्यावरील बुरशीमुळे आशिया-आफ्रिकेत वर्षाला १३ कोटी डॉलरचे नुकसान होते. आमच्या शेतकऱ्याने हा आकडा वाचला नव्हता. त्याने आपला आकडा पाहिला. तीन वर्षांत एकदा काळी पडणारी आणि निम्म्या भावाने जाणारी ज्वारी सोडून तो सोयाबीनकडे वळला. आज खरिपात धाराशिव, कळंब, वाशी, तुळजापूर, उमरगा कोठेही जा. डोळ्यांना सोयाबीनच दिसते. औषध तयार होऊन आले तेव्हा रोगी घर सोडून गेला होता. ह्यात तोटा कोणाचा झाला? मालकाला सोयाबीनचे रोख पैसे मिळाले. ज्याची मजुरी धान्यात होती त्याच्या घरातले धान्य गेले, आणि ज्याची एक गाय होती त्याचा कडबा गेला. सोयाबीनची भाकरी होत नाही.

उरली रब्बीची शाळू. तिच्याही वाट्याला एक बुरशी आहे. तिच्या रोगाला आमच्याकडे ‘खडखड्या’ म्हणतात. जमिनीतली ओल संपत आली, ऊन वाढले आणि दाणा भरण्याची घाई असली की बुरशी मुळातून ताटात शिरते. आतला गर काळा पडून ताट पोकळ होते, हलविले तर वाळक्या काडीसारखे वाजते आणि वाऱ्याच्या झुळुकीने आडवे होते. ह्या रोगाची मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. कणीस जितके मोठे, तितकी ते ताटातली साखर ओढून घेते. ताट उपाशी राहते आणि उपाशी ताटात बुरशीला घर मिळते. भरघोस उत्पन्नाची हाव धरून काढलेले वाण कोरड्या सालात ह्यामुळेच लवकर आडवे झाले. १९७७ साली रब्बीसाठी सीएसएच-८आर हा संकरित वाण आला, नंतर आणखी आले. पण मालदांडीला कोणी हलवू शकले नाही. मालदांडी थोडे कमी पिकते, पण कणसासाठी ताटाचे रक्त शोषून घेत नाही. ज्या कारखान्यात उत्पादनाच्या आकड्यापायी कामगाराचे शरीर पोकळ होते, तेथला हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या शाळूचे शहाणपण सांगावे लागत नाही. आता शास्त्रज्ञांनीही ताट अखेरपर्यंत हिरवे ठेवण्याचा गुण शोधला आहे. तोही मूळ इथिओपियाच्या ज्वारीतला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे जमिनीच्या मगदुराप्रमाणे वाण दिले. एकच वाण सर्वांच्या माथी मारण्यापेक्षा हा मार्ग बरा, असे आमचे मत आहे.

अलीकडे ज्वारीचे दिवस पालटले आहेत. २०१६ साली मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ साली परभणीहून लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ आली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरातील डॉक्टर भाकरी खाण्यास सांगतात आणि हॉटेलांतून ती ताटलीत दिमाखाने येते. आनंद आहे. मात्र ज्या हमालाच्या आजोबांनी मिलो खाल्ली आणि बापाने काळी हायब्रीड खाल्ली, त्याला आज पांढरी शाळू परवडत नाही म्हणून तो रेशनच्या गहू-तांदळावर राहतो. ज्वारी वर चढली आणि तिला जगवणारा खालीच राहिला.

ह्या साऱ्या इतिहासावरून आम्हांस काय म्हणावयाचे आहे? संकर करू नये, परदेशी वाण आणू नये, जुने तेवढे सोने, असे आम्ही म्हणत नाही. केनियाचा गहू निफाडला आला, इथिओपियाचा गुण शाळूला हवा आहे. गुणाला देशाची सरहद्द नाही, हे कामगार चळवळीला तरी सांगावयास नको. आमचे म्हणणे एवढेच की, रोगप्रतिकार हा गुण फुकट मिळत नाही. त्याची किंमत कधी चवीत द्यावी लागते, कधी कडब्यात, कधी पिकण्याच्या दिवसांत. कोणता गुण किती महाग पडला तरी चालेल, हे ठरविणे हा केवळ शास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. नव्या वाणाच्या भाकरीची परीक्षा संशोधन केंद्रात होते, हे आम्ही जाणतो आणि त्याबद्दल आदर बाळगतो. पण ती भाकरी थापणाऱ्या आणि तीच दोन वेळा खाणाऱ्या मजूर बाईचे मत त्या परीक्षेत मोजले जावे. २००१ च्या कायद्याने वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्याचे हक्क मान्य केले. कणीस निवडणाऱ्या, खुरपणाऱ्या, मळणाऱ्या भूमिहीनाचे नाव त्यात कोठे येते, हे शोधावे लागते. वाण ठरविणाऱ्या समित्यांवर शेतमजुरांचा प्रतिनिधी असावा, ही मागणी आज विचित्र वाटेल. सालगड्याच्या करारात ‘खाण्याजोगी, स्वच्छ ज्वारी’ हे शब्द असावेत, ही मागणीही एकेकाळी विचित्रच वाटली होती.

बुरशीचे बीज हवेत सदैव राहणार. परतीचा पाऊस येणार, आणि अलीकडे तर तो अवेळी व अधिक जोराने येऊ लागला आहे. तेव्हा हा झगडा संपला असे कोणी समजू नये. पुढचा वाण निघेल तेव्हा तो किती क्विंटल पिकतो, हे सर्वजण विचारतील. आपण आणखी एक प्रश्न विचारावा, की पाऊस लागलाच तर ह्यातली काळी ज्वारी कोणाच्या ताटात जाईल? श्रोत्यांनी हा प्रश्न आपल्याबरोबर घरी न्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.